जीपार्टेड लाइव्ह आणि टेस्टडिस्क: डीटीपीच्या दुकानातला अनुभव

आठ जीबीच्या एका पेनड्राइव्हबद्दल लिहितेय. त्यात जीपार्टेड लाइव्ह भरलेलं आहे, म्हणजे पेनड्राइव्हवरूनच सुरू होणारा, डिस्कचे भाग पाडायचा आणि बदलायचा प्रोग्रॅम, आणि त्याच्यासोबतच हरवलेले भाग शोधून देणारं टेस्टडिस्क येतं. दोन्ही मोफत. एकाच कॉम्प्युटरवर विंडोज आणि लिनक्स शेजारी शेजारी बसवताना डिस्कच्या भागांचा घोळ झाला असेल, तर माझ्या मते सगळ्यात आधी हा पेनड्राइव्ह हातात घ्यावा. का, ते सविस्तर सांगते, कारण मी हा घोळ माझ्या रोजीरोटीच्या मशीनवर निस्तरला आहे.

कराडात माझं डीटीपीचं दुकान आहे, २००६ पासून. लग्नपत्रिका, बिलबुकं, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, यात्रेची हँडबिलं, शाळांच्या स्मरणिका. जुनी कामं मी पुसत नाही. दहा वर्षांपूर्वी थोरल्याची पत्रिका छापून नेलेला माणूस धाकट्याच्या वेळी येतो आणि म्हणतो, तीच काढा, फक्त नावं बदला. एकदा एक काका आले होते. त्यांच्या वडिलांच्या पंचाहत्तरीला आम्ही एक छोटी पुस्तिका केली होती, ती त्यांना वर्षश्राद्धाला पुन्हा वाटायची होती. घरात एकही प्रत उरली नव्हती, माझ्या डिस्कवर मात्र फाइल होती. हे सांगायचं कारण, डिस्कला हात लावताना माझ्या पोटात का गोळा आला, ते कळावं.

मशीन २०१३ सालचं, असेंबल केलेलं, एक टीबीची फिरती हार्ड डिस्क. विंडोज सेव्हनवरून टेन प्रोवर आणलेलं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज टेनचा सपोर्ट संपला आणि माझा प्रोसेसर विंडोज अकराच्या यादीत बसत नाही. मशीन मात्र धडधाकट आहे. माझ्याकडचे श्रीलिपी, पेजमेकर, कोरल हे टायपिंगचे आणि पानं मांडायचे प्रोग्रॅम विंडोजवरच चालतात, हार्डवेअर लॉकसकट (प्रोग्रॅम चालायला मशीनला लावावी लागणारी किल्ली). म्हणून ठरवलं की विंडोज फक्त छपाईच्या कामाला ठेवायचं, त्याचं इंटरनेट काढून टाकायचं, आणि मेल, बँक, जीएसटी, ग्राहकांच्या व्हॉट्सअ‍ॅप फाइल या सगळ्यासाठी शेजारी लिनक्स मिंट (लिनक्सचाच एक प्रकार) बसवायचं.

इथे आपल्याकडच्या असेंबल केलेल्या मशीनची एक गोष्ट सांगायला हवी. विकणारा डिस्कचे सी, डी, ई असे भाग पाडूनच देतो. सीमध्ये विंडोज, डीमध्ये कामं, ईमध्ये गाणी-फोटो. सवय चांगली आहे, तिनेच माझा डेटा आजवर सांभाळला. पण सेव्हन बसवताना विंडोज स्वतःसाठी शंभर एमबीचा आणखी एक भाग गुपचूप करतं, सिस्टीम रिझर्व्हड नावाचा. म्हणजे माझ्या डिस्कवर आधीच चार भाग होते. जुन्या, एमबीआर पद्धतीच्या डिस्कवर मुख्य भाग चारच होऊ शकतात. डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइटांत हा तक्ता असतो. त्यातले ६४ बाइट भागांच्या नोंदीला आणि एका नोंदीला १६. चार नोंदी झाल्या की तक्ता भरला. डिस्कवर मोकळी जागा कितीही असो, पाचव्याची नोंद करायला ओळच शिल्लक नसते.

मदतीला जो हार्डवेअरवाला आला त्याने विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये ई शंभर जीबीने लहान केला आणि मोकळ्या जागेवर नवा भाग करायला गेला. एक लांबलचक इंग्रजी सूचना आली. मी विचारलं, हे काय म्हणतंय? तो म्हणाला, "ताई, ह्ये नेहमीच येतंय. येस करायचं, काय होत न्हाई." येस केलं. एफ नावाचा भाग दिसायला लागला, विंडोज चालू झालं, माझी कामं उघडली. त्याने मिंटचा पेनड्राइव्ह लावला, तर मिंटचा इन्स्टॉलर जागाच देईना. जे भाग तो दाखवत होता त्यांचे आकडे विंडोजच्या आकड्यांशी जुळेनात. तासभर खटपट करून तो म्हणाला, पूर्ण फॉरमॅट मारावं लागेल. मी म्हटलं, आज नको.

रात्री पुण्यात शिकणाऱ्या भाच्याला फोन लावला. त्याने व्हिडिओवर स्क्रीन बघितली आणि एका वाक्यात निदान केलं: "मावशी, तुझी डिस्क डायनॅमिक झालीय." पाचवा भाग मागितला की विंडोज बेसिक डिस्कची डायनॅमिक डिस्क करून देतं, त्याचीच ती सूचना होती. मग भागांची खरी नोंद विंडोज आपल्या स्वतंत्र वहीत करतं, डिस्कच्या शेवटच्या एक एमबीत. पहिल्या ५१२ बाइटांतला तक्ता नावापुरता राहतो. विंडोजला त्याची वही वाचता येते म्हणून त्याचं सगळं सुरळीत चालतं, बाकीच्यांची पंचाईत होते. आणि मागे यायचा विंडोजने दिलेला रस्ता एकच, सगळे भाग पुसा आणि मग पुन्हा बेसिक करा. हार्डवेअरवाला फॉरमॅट म्हणत होता ते या अर्थाने बरोबर होतं. त्याच्यावर माझा राग नाही. पण ती सूचना आम्ही दोघांनी बसून वाचायला हवी होती.

दुसरा दिवस पूर्ण बॅकअपला दिला. विंडोज चालू होतं हे नशीब. डी आणि ई बाहेरच्या डिस्कवर उतरवले आणि नुसतं उतरवून न थांबता त्यातल्या दहा-बारा फाइल दुसऱ्या मशीनवर उघडून पाहिल्या. हे केल्याशिवाय पुढचं काहीही करू नका, पेनड्राइव्ह कितीही चांगला असो.

आता टेस्टडिस्क. फ्रान्सच्या ख्रिस्तोफ ग्रेनिए यांनी लिहिलेला हा प्रोग्रॅम दिसायला अगदी जुनाट आहे. काळा पडदा, पांढरी अक्षरं, माउस चालत नाही, फक्त बाणाच्या आणि एंटरच्या कळा. पहिल्यांदा बघताना धास्ती वाटते. पण त्याचं काम करायचं तत्त्व समजलं आणि मला धीर आला. डिस्कच्या तक्त्यावर तो विसंबून राहत नाही. तो डिस्क स्वतः चाळतो आणि प्रत्येक भागाच्या सुरुवातीला त्या भागाचीच जी खूण असते ती शोधतो. गावच्या दप्तरातला उतारा हरवला तर मोजणीदार शिवारात जाऊन बांधावरचे दगड शोधतो ना, तसं. उतारा फाटला म्हणून जमीन कुठे जात नाही.

डिस्क निवडली, तक्त्याचा प्रकार इंटेल, मग अ‍ॅनलाइज, मग क्विक सर्च. थोड्या वेळाने हिरव्या ओळी आल्या. शंभर एमबीचा एक, सी, डी, ई आणि तो नवा एफ. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला एक अक्षर असतं: चांदणी म्हणजे बूट होणारा मुख्य भाग, पी म्हणजे मुख्य, एल म्हणजे लॉजिकल, डी म्हणजे पुसलेला. डावी-उजवी बाणाची कळ दाबून ते बदलायचं. भाचा म्हणाला, काही बदलायच्या आधी आपल्या कामांच्या डी ड्राइव्हच्या ओळीवर जा आणि कीबोर्डवरची पीची कळ दाब. दाबलं. काळ्या पडद्यावर माझ्या फोल्डरांची यादी उतरली. मी नावं इंग्रजी अक्षरांत ठेवते, लग्न २०१४, लग्न २०१५, संस्था अहवाल, यात्रा, शाळा. खाली खाली जात होते आणि एकेक नाव ओळखीचं येत होतं. त्या काकांच्या वडिलांच्या नावाचं फोल्डरही दिसलं. टेस्टडिस्कमधली ही एक कळ मला त्याच्या बाकी सगळ्या कामापेक्षा मोलाची वाटते. लिहिण्याआधी तो तुम्हाला दाखवतो की या भागाच्या आत खरोखर तुमच्या फाइल आहेत. यादी कोरी आली किंवा भलतीच आली तर तिथेच थांबायचं, अजून काही बिघडलेलं नसतं.

पहिल्याला चांदणी, सी, डी, ईला पी आणि रिकाम्या एफला डी अशी खूण केली, राइट म्हटलं, वाय दाबला. त्याने फक्त तक्ता लिहिला, त्यामुळे क्षणात झालं. मशीन पुन्हा सुरू केलं तर विंडोज उघडेना. घाम फुटला. पण हे होऊ शकतं असं भाच्याने आधीच सांगून ठेवलं होतं. विंडोजच्या इन्स्टॉलेशन पेनड्राइव्हवरून एकदा स्टार्टअप रिपेअर चालवलं आणि विंडोज आलं. डिस्क मॅनेजमेंटमध्ये डिस्कच्या नावाखाली पुन्हा बेसिक लिहिलेलं होतं.

एक सावधगिरी. माझे सगळे भाग साधे, एकसंध होते म्हणून हे इतकं सरळ झालं. डायनॅमिक डिस्कवर एखादा भाग दोन तुकड्यांत किंवा दोन डिस्कांवर पसरलेला असेल, तर ही वाट धरू नका.

आता जीपार्टेडकडे येते, कारण डिस्क बेसिक झाली तरी मूळ अडचण तशीच होती. चार मुख्य भाग, तक्ता भरलेला, शेवटी शंभर जीबी मोकळे पण निरुपयोगी. पेनड्राइव्हवरून जीपार्टेड लाइव्ह सुरू करताना तो आधी कीबोर्ड, भाषा आणि पडद्याबद्दल प्रश्न विचारतो. तिन्ही वेळा नुसतं एंटर दाबलं तरी चालतं. मग डिस्कची आडवी पट्टी दिसते. भागांना वेगवेगळ्या रंगांच्या चौकटी, आत वापरलेली जागा फिकट पिवळी, मोकळी जागा पांढरी, आणि कोणाच्याच नावावर नसलेली जागा करडी. आम्हा डीटीपीवाल्यांना पानावरचा मजकूर-चित्रांचा लेआउट एका नजरेत कळतो, तशी ही पट्टी मला लगेच कळली.

करड्या जागेवर नवा भाग करायला गेले तर जीपार्टेडनेही नकार दिला. पण फरक बघा. विंडोजने त्याच जागी दुसराच मार्ग पुढे केला होता. जीपार्टेडने स्पष्ट सांगितलं की चारपेक्षा जास्त मुख्य भाग होत नाहीत, जास्त हवे असतील तर आधी एक एक्स्टेंडेड भाग करा. एक्स्टेंडेड म्हणजे चारांपैकी एक नोंद पोटहिश्शांसाठी राखून ठेवायची, मग तिच्या पोटात हवे तेवढे लॉजिकल भाग पाडता येतात. लिनक्सला लॉजिकल भागावरून सुरू व्हायला काही अडचण नसते. म्हणून ई पुसायचा, त्याची आणि मोकळी जागा मिळून एक एक्स्टेंडेड करायचा आणि त्यात नवा ई, मिंट, स्वॅप (रॅम कमी पडली तर वापरायची जागा), होम (मिंटमधल्या माझ्या फाइलची जागा) असे चार पोटहिस्से पाडायचे, असं ठरलं.

आणि इथे जीपार्टेडचा मला सगळ्यात आवडलेला गुण. तुम्ही काहीही सांगा, तो लगेच करत नाही. पट्टीवर बदल झालेला दाखवतो, खाली यादीत एक ओळ वाढवतो आणि थांबतो. ई पुसा, ओळ एक. एक्स्टेंडेड करा, ओळ दोन. नवा ई, एनटीएफएस (विंडोजची फाइल ठेवायची पद्धत), २५० जीबी, ओळ तीन. प्रत्यक्ष डिस्कवर अजून अक्षरही लिहिलेलं नसतं. चुकलं तर शेवटची ओळ मागे घ्या. वरची हिरवी खूण दाबेपर्यंत सगळं कागदावरच. मी सहा ओळींची यादी केली, मोबाइलवर फोटो काढून भाच्याला पाठवला आणि चहा करायला गेले. परत आले तर त्याचा निरोप होता, "मिंटला ६० जीबी ठेव, चाळीसने पुढे अडशील." ओळ मागे घेतली, आकडा बदलला. आमच्या धंद्यात प्लेट काढण्याआधी प्रूफ दाखवायची पद्धत आहे. डिस्कच्या कामाला इतकं व्यवस्थित प्रूफ दाखवणारं दुसरं काही मी पाहिलेलं नाही.

हिरवी खूण दाबल्यावर मात्र मागे फिरायची सोय नाही. तिथून पुढे फक्त बॅकअप.

एक काम मी जास्तीचं केलं, सीमध्ये नऊच जीबी शिल्लक होते म्हणून डीचे चाळीस काढून सीला द्यायचं. दिसायला सोपं, पण डिस्कवर फार मोठं काम आहे. एखाद्या भागाची शेवटाकडची कड आत घेतली तर पटकन होतं. सुरुवातीकडची कड सरकवायची म्हणजे तो आख्खा भाग उचलून नव्या जागी मांडायचा. जीपार्टेड तशी सूचना देतो की याला बराच वेळ लागू शकतो. संध्याकाळी साडेसातला सुरू केलं, पावणेबाराला संपलं. लाइटचा भरवसा नाही म्हणून यूपीएस आधीच तपासून घेतला होता, तरी जीव टांगणीला लागतोच. डीचा बॅकअप घेतलेला होता हे स्वतःला दर अर्ध्या तासाने सांगत होते. फिरत्या डिस्कवर हे करणार असाल तर दुपारी सुरू करू नका. दुकान बंद झाल्यावर, बॅटरीचा आधार असेल तरच करा. आणि नवीन डिस्क घ्यायची ऐपत असेल तर सरकवासरकवी टाळून तीच घ्या, असं मी प्रामाणिकपणे सांगेन.

काम झाल्यावर सेव्ह डिटेल्सवर टिचकी मारली की सगळ्या कामाचा तपशील फाइलमध्ये मिळतो. तो मी प्रिंट काढून मशीनच्या बिलाला टाचून ठेवला आहे.

त्रासाच्या गोष्टीही आहेत. आकडे एमआयबीत टाकावे लागतात, ६० जीबी हवे तर १०२४ ने गुणून ६१४४० लिहायचं, हे सुरुवातीला कोणी सांगत नाही. ज्याच्या अंगवळणी इंग्रजी नाही त्याला सूचना जड जातात. विंडोज नीट बंद केलेलं नसेल तर एनटीएफएस भागापुढे पिवळा त्रिकोण येतो आणि जीपार्टेड त्याला हात लावत नाही. कारण विंडोजचं फास्ट स्टार्टअप. शटडाउन म्हटलं तरी ते अर्धवट झोपलेलंच असतं. विंडोजमध्ये अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टवर पॉवरसीएफजी स्लॅश एच ऑफ ही एक ओळ चालवली की हायबरनेशन आणि फास्ट स्टार्टअप दोन्ही बंद होतात. नंतर मिंटमधून डी उघडतानाही याचा फायदा होतो, नाहीतर तो फक्त वाचायलाच मिळतो. आणि एमबीआरची डिस्क डेटा ठेवून जीपीटी (तक्त्याची नवी पद्धत) करणं जीपार्टेडला जमत नाही. त्यात नवा तक्ता करायचा पर्याय आहे, पण तो सगळं पुसून टाकतो. त्या मेनूकडे विनाकारण जाऊ नका.

मुलीच्या लॅपटॉपवर पुढच्याच महिन्यात हेच केलं, तिथे जीपार्टेडचा उपयोग जवळजवळ झाला नाही. नवा लॅपटॉप, विंडोज अकरा, जीपीटी डिस्क. जीपीटीच्या तक्त्यात साधारण १२८ नोंदींची जागा असते, तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी असते, त्यामुळे चारांची अडचणच नाही. पण सी बिटलॉकरने, म्हणजे विंडोजच्या एन्क्रिप्शनने, कुलूपबंद होता. जीपार्टेड त्यावर बिटलॉकर एवढंच लिहितो आणि गप्प बसतो. तिथे विंडोजच्याच सेटिंगमधून एन्क्रिप्शन काढलं (त्याआधी रिकव्हरी की कागदावर लिहून घेतली, ४८ आकडी असते) आणि सी विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून लहान केला. पहिल्यांदा तो फक्त ३८ जीबी सोडायला तयार होता. पेज फाइल, हायबरनेशनची फाइल, सिस्टीम रिस्टोअर यांच्या फाइल मध्येच बसतात आणि हलत नाहीत. तिन्ही तात्पुरतं बंद करून मशीन रीस्टार्ट केलं, तेव्हा १४० सोडले. लहान केल्यावर पेज फाइल आणि रिस्टोअर पुन्हा चालू करायला विसरू नका. मिंटचा पेनड्राइव्ह तिथे यूईएफआय (नव्या मशीनची सुरू व्हायची पद्धत) म्हणूनच सुरू करायचा, विंडोज ज्या पद्धतीने बसलंय त्याच पद्धतीने.

दुकानातल्या मशीनवर मिंट बसवताना समथिंग एल्स निवडलं आणि जीपार्टेडमध्ये आधीच करून ठेवलेल्या भागांवर बोट ठेवलं, हा माझा रूट (मिंटचा मुख्य भाग), हा होम. वीस-पंचवीस मिनिटांत झालं. आता मशीन सुरू केलं की यादी येते, मिंट वर, विंडोज खाली. सकाळी मिंटमध्ये मेल आणि बँक, मग विंडोजमध्ये श्रीलिपी.

पहिल्या आठवड्यात एक गोष्ट लक्षात आली. मिंटमधून विंडोजमध्ये गेलं की घड्याळ साडेपाच तास मागे. सकाळी अकराला केलेल्या बिलावर पहाटे साडेपाचची वेळ छापून आली. विंडोज मशीनच्या घड्याळात भारतीय वेळ ठेवतं, लिनक्स ग्रिनिचची. विंडोजचं इंटरनेट मी काढलं असल्याने ते स्वतःहून दुरुस्तही होत नव्हतं. मिंटच्या टर्मिनलमध्ये (कमांड लिहायची खिडकी) टाइमडेटसीटीएल या कमांडला सेट लोकल आरटीसी १ असं सांगितलं, तेव्हापासून दोन्हीकडे एकच वेळ आहे. पेनड्राइव्ह कॅश काउंटरच्या वरच्या खणात, हार्डवेअर लॉकच्या डबीत ठेवलाय. कराडात कोणाला लागला तर दुकानात येऊन घेऊन जा, फक्त बॅकअप घेऊन या.